पट्टी, स्क्रू आणि शिस्त : सर विल्यम आर्बथनॉट लेन

गेल्या ऑगस्टमध्ये ऑब्स्टॅकल कोर्सच्या सरावात खंदकावरून उडी मारताना माझा उजवा पाय मुरगळला. पाऊस नुकताच थांबला होता आणि माती निसरडी होती. पण पुढे जे झाले त्याचा दोष मातीला देता येणार नाही. आठवड्यावर आंतर-हाऊस स्पर्धा आली होती, संघात माझे नाव होते आणि ते मला जाऊ द्यायचे नव्हते. म्हणून सुजलेल्या घोट्यावर क्रेप बँडेज गुंडाळून मी दोन दिवस लंगडत काढले आणि एमआय रूमकडे फिरकलोच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बूट पायात शिरेना, तेव्हा हाऊस मास्टर सरांनी मला पकडले. एक्स-रे निघाला. घोट्याच्या बाहेरच्या अंगाचे हाड, म्हणजे फिब्युला, तिरके मोडले होते आणि तुकडा जागेवरून सरकला होता. दोन दिवसांनी ऑपरेशन झाले. आज माझ्या पायात एक पट्टी आणि काही स्क्रू आहेत.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी सर्जन सरांना एकच प्रश्न विचारला होता, की कोणत्या प्लेटने मी सर्वांत लवकर धावू लागेन. ते हसले आणि त्यांनी मला एक नाव सांगितले. या माणसाचे चरित्र वाच, मग प्रश्न बदलेल, असे त्यांचे म्हणणे होते. ते नाव होते सर विल्यम आर्बथनॉट लेन. पलंगावर पडून वाचायला वेळ भरपूर होता. जे वाचले आणि समजून घेतले, ते या पानावर माझ्या शब्दांत सांगतो.

लेन हे आपल्यासारखेच छावणीत वाढलेले. 4 जुलै 1856 रोजी स्कॉटलंडमध्ये इनव्हर्नेसजवळच्या फोर्ट जॉर्ज या सैनिकी किल्ल्यात त्यांचा जन्म झाला. वडील बेंजामिन लेन सैन्यात सर्जन होते. पलटण हलली की घर हलायचे, त्यामुळे विल्यमचे बालपण निरनिराळ्या देशांतल्या छावण्यांत गेले. भावंडांत तो थोरला. बाराव्या वर्षी त्याला स्कॉटलंडमधल्या एका निवासी शाळेत पाठवले गेले. ट्रंक घेऊन पहिल्यांदा शाळेच्या फाटकातून आत शिरण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना त्या मुलाच्या मनाची कल्पना सहज येईल.

1872 मध्ये, सोळाव्या वर्षी, वडिलांनी त्याला लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल केले. शिक्षण संपल्यावर लेन तिथेच शरीररचना शिकवू लागले आणि पुढे तिथलेच सर्जन झाले. लहान मुलांच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमध्येही त्यांनी अनेक वर्षे काम केले.

विच्छेदनाच्या टेबलावर त्यांच्यासमोर बहुतेक गरीब कष्टकऱ्यांची शरीरे येत. लेन ती केवळ कापून विद्यार्थ्यांना दाखवत नसत, तर त्यांतून त्या माणसाचे आयुष्य वाचायचा प्रयत्न करत. आयुष्यभर कोळशाची पोती वाहणाऱ्याचा कणा कसा बदलतो, वाकून बसणाऱ्या चांभाराची छाती आणि सांधे कसे बदलतात, याची त्यांनी बारकाईने नोंद केली. रोज पडणाऱ्या भाराप्रमाणे हाडे आणि सांधे आपले रूप बदलतात, हे त्यांच्या लक्षात आले. यातूनच पुढचा प्रश्न उभा राहिला. मोडलेले हाड वाकडे जुळले, तर त्याच्या वरच्या आणि खालच्या सांध्यांवर पडणारा भारही वाकडाच पडणार. मग त्या सांध्यांचे काय होत असेल?

त्या काळी मोडलेल्या पायावर उपचार म्हणजे हाताने ओढून हाड शक्य तितके सरळ करायचे, बाहेरून फळ्या बांधायच्या आणि वाट पाहायची. एक्स-रेचा शोध 1895 च्या अखेरीचा, तेव्हा त्याआधी आत नेमके काय जुळले हे दिसायची सोयच नव्हती. हाड जुळले आणि जखम झाली नाही, की उपचार यशस्वी ठरे. लेन यांनी यशाची मोजपट्टीच बदलली. पाय मोडलेला हमाल पुन्हा बोटीवरून पोती उतरवू शकतो का, पूर्वीइतकी मजुरी कमावतो का, हे ते पाहू लागले. उत्तर वाईट होते. कागदावर बरे झालेले कितीतरी मजूर प्रत्यक्षात कायमचे अधू होऊन कामाला मुकले होते.

इथे मला माझे आजोबा आठवले. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि साताऱ्याकडे गावी शेती पाहू लागले. बैलगाडीवरून पडून त्यांचा घोटा मोडला, तेव्हा हाडवैद्याने कामट्या बांधून तो जुळवला. हाड जुळले, पण पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले राहिले. मला आठवते तेव्हापासून ते बांधावरून चालताना काठी घेतात. लेन यांच्या नोंदींतले हमाल मला आजोबांच्या चालीने चालताना दिसले.

मोडलेले हाड उघडून नीट बसवायचे आणि आतून पक्के करायचे, ही कल्पना लेन यांच्या आधीही होती. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक जोसेफ लिस्टर यांनी 1877 मध्ये लंडनमध्ये मोडलेली गुडघ्याची वाटी उघडून तारेने बांधली होती. पण त्वचा न फाटलेल्या साध्या मोडीवर मुद्दाम सुरी चालवणे बहुतेक डॉक्टरांना वेडेपणाच वाटे. कारण उघड होते. प्रतिजैविके अजून कित्येक वर्षे दूर होती. बंद मोडीत जंतूंना आत जायला वाट नसते, ती वाट आपणच करून द्यायची आणि हाडात पू झाला तर पाय जायचा, कधी जीवही जायचा.

लेन यांनी 1890 नंतरच्या वर्षांत नडगीच्या मोडी उघडून पोलादी स्क्रू आणि तारा वापरायला सुरुवात केली. 1894 मध्ये त्यांनी आपली पद्धत लंडनच्या डॉक्टरांसमोर मांडली. तिरक्या मोडीत स्क्रू दोन्ही तुकड्यांना एकत्र धरू शकतो, हे त्यांनी दाखवले. 1905 मध्ये मोडींच्या शस्त्रक्रियेवर त्यांचे पुस्तक निघाले. पुढच्या काही वर्षांत भोके पाडलेल्या पोलादी पट्ट्या त्यांनी नियमित वापरायला घेतल्या. त्या पट्ट्या लेन प्लेट या नावाने जगभर गेल्या.

पण माझ्या मते त्यांचे खरे काम पट्टीपेक्षा मोठे आहे. त्यांनी शस्त्रक्रियेची एक कवायत बसवली. तिचा नियम असा, की जखमेत हात जायचा नाही, अगदी हातमोजा घातलेले बोटसुद्धा नाही. सगळे काम अवजारांच्या टोकांनी करायचे. त्यासाठी त्यांनी लांब दांड्यांची अवजारे आणि हाड धरायचे खास चिमटे तयार करवले. अवजाराचे जे टोक जखमेत जाणार त्याला कुणी हात लावायचा नाही. सुईत दोरा ओवायचा तोही चिमट्याने. कापलेल्या त्वचेच्या कडांना स्वच्छ कापड चिमट्यांनी पक्के लावायचे, म्हणजे त्वचेवरचे जंतू आत उतरणार नाहीत. एखाद्या अवजाराबद्दल शंका आली, तर ते बाजूला टाकायचे. या पद्धतीला स्पर्शविरहित तंत्र म्हणतात.

हे वाचून मला आमच्या ड्रिलचे उस्ताद आठवले. रायफलची एकेक हालचाल ते शंभर वेळा करून घेतात, आणि आम्ही मनातल्या मनात कुरकुरतो. लेन यांच्या खोलीत चुकलेल्या एका हालचालीची किंमत रोग्याच्या पायाने मोजली जायची. म्हणून त्यांची कवायत कधी ढिली पडली नाही आणि म्हणूनच त्यांचे रोगी बरे होऊन घरी गेले.

इतरांचे तसे झाले नाही. लेन यांचे नाव झाल्यावर पुष्कळांनी पट्ट्या बसवायला सुरुवात केली. पट्टी बाजारात विकत मिळत होती, शिस्त मिळत नव्हती. जखमा चिघळल्या, पाय कापावे लागले आणि बोल पद्धतीला लागला. अखेर ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने साध्या मोडींच्या उपचारांचा अभ्यास करायला समिती नेमली. तिचा अहवाल 1912 मध्ये आला. हाड जितके मूळ जागी बसेल तितका पाय चांगला चालतो, हे लेन यांचे मूळ म्हणणे समितीने मान्य केले. पण ज्यांच्याकडे कौशल्य आणि सोयी आहेत त्यांनीच हे ऑपरेशन करावे, असेही तिने बजावले. दोन्ही गोष्टी आजही तितक्याच खऱ्या आहेत.

लेन यांच्या पट्टीत दोषही होते. त्या काळचे पोलाद शरीरात गंजे. पट्टी पातळ असल्याने कधी वाके, कधी मोडे. 1912 च्या सुमारास अमेरिकेत शेरमन यांनी अधिक मजबूत मिश्र पोलादाच्या पट्ट्या आणल्या. बेल्जियममध्ये लांबोट यांनी हाडे आतून जोडण्याचे शास्त्र मांडले. त्यांच्याच देशातल्या रॉबेर दानीस यांनी 1949 मध्ये तुकडे एकमेकांवर दाबून धरण्याचे महत्त्व सांगितले. त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन मॉरिस म्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1958 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एओ हा गट स्थापन केला. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या बहुतेक पट्ट्यांचे नियम या गटाच्या कामातून आले आहेत.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. माझ्यासारख्या घोट्याच्या मोडीला पट्टी बसवायच्या मुख्यतः तीन तऱ्हा सर्जन सरांनी मला कागदावर काढून दाखवल्या.

पहिली सर्वांत रुळलेली. तिरक्या मोडीतून एक स्क्रू आरपार घालून दोन्ही तुकडे एकमेकांवर घट्ट दाबायचे आणि मग हाडाच्या बाहेरच्या अंगाला पातळ पट्टी लावायची, म्हणजे त्या स्क्रूवर ताण येत नाही. इथे मोड समोर दिसते आणि काम सरळ होते. पण घोट्यावर त्वचेखाली मांस फारच थोडे. त्यामुळे पट्टी हाताला लागते आणि बुटाला घासते. शिवाय खालचे स्क्रू आखूड घ्यावे लागतात, नाहीतर टोक सांध्यात शिरेल.

दुसऱ्या तऱ्हेत पट्टी हाडाच्या मागच्या अंगाला बसते. अशा मोडीत खालचा तुकडा वर आणि मागे सरकू पाहतो. घाटात थांबलेल्या ट्रकच्या चाकामागे दगड लावतात, तशी ही पट्टी त्याची वाटच अडवते. स्क्रू पुढच्या दिशेने जातात, म्हणून ते लांब घेता येतात आणि पकड चांगली बसते. पट्टी त्वचेखाली टोचतही नाही. पण तिथूनच पाऊल वळवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या जातात. पट्टी फार खाली आली तर त्यांना घासते आणि दुखते.

तिसरी तऱ्हा लॉकिंग प्लेटची. तिच्या भोकांना आटे असतात आणि स्क्रूचे डोके त्यांत पक्के बसते. हाड ठिसूळ असेल, चुरा झाला असेल, वय झाले असेल, तर तिचा उपयोग होतो. ती जाड असते आणि महागही. तरुण, भक्कम हाडाच्या साध्या मोडीला तिचा खास फायदा नसतो.

या तिघींत कायम श्रेष्ठ अशी कोणतीच नाही. मोड कशी आहे, हाड कसे आहे, वरची त्वचा कशी आहे, हे पाहून सर्जन निवड करतो. नडगी आणि फिब्युला यांना बांधणारे अस्थिबंध तुटले असतील तर नुसती पट्टी पुरत नाही, त्यांनाही वेगळा आधार द्यावा लागतो. आणि तऱ्हा कोणतीही असो, पहिले काम एकच, तुकडा मूळ जागी आणणे. घोट्याचे हाड वरच्या दोन हाडांनी केलेल्या खाचेत नेमके बसलेले असते. 1976 मध्ये रॅमसे आणि हॅमिल्टन यांनी प्रयोगात दाखवले, की ते हाड फक्त 1 मिलिमीटर बाहेर सरकले तर सांध्यातील एकमेकांना टेकणारा भाग सरासरी 42 टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे सगळा भार उरलेल्या थोड्या जागेवर पडतो आणि सांधा झिजू लागतो. लेन यांनी हमालांच्या चालीवरून जे ओळखले होते, ते इथे आकड्यांत आले. मी मात्र सरकलेल्या तुकड्यावर दोन दिवस चाललो होतो.

लेन यांचे चरित्र इथे संपवले असते तर ते फार सोपे झाले असते. पण त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला जास्त शिकवून गेली. हाडांत नाव झाल्यावर ते पोटाकडे वळले. जुनाट बद्धकोष्ठामुळे आतड्यात विष साठते आणि त्यातून अनेक रोग होतात, असे त्यांचे ठाम मत झाले. या मतापायी त्यांनी पुष्कळ रोग्यांचे मोठे आतडे काढून टाकले. काही रोगी दगावले. 1913 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर मोठी चर्चा झाली आणि अनेकांनी विरोध केला. पुढे हा सिद्धांत टिकला नाही. हात तोच होता, धैर्य तेच होते, कवायतही तीच होती. मग चुकले कुठे? हाडांच्या बाबतीत लेन यांनी आधी मजुराची चाल पाहिली आणि मग मत बनवले. आतड्यांच्या बाबतीत मत आधी बनले आणि रोगी त्या मतात बसवले गेले.

त्याच 1913 साली त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. लेन ऑल्डरशॉटच्या लष्करी विभागाचे सल्लागार सर्जन झाले. गंमत अशी, की रणांगणावर त्यांची लाडकी पट्टी फारशी चालली नाही. चिखलाने भरलेल्या, आधीच चिघळलेल्या जखमेत पोलाद बसवणे धोक्याचे होते. तिथे मांडीच्या मोडीला बाहेरून ताण देणारी साधी थॉमस स्प्लिंट उपयोगी पडली. चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांसाठी तरुण सर्जन हॅरॉल्ड गिलीज नवे काम उभे करत होते. लेन यांनी त्यांना पाठबळ दिले. 1917 मध्ये सिडकपला अशा सैनिकांसाठी स्वतंत्र हॉस्पिटल सुरू झाले. नव्या माणसाच्या नव्या कल्पनेमागे उभे राहणे मोठ्या नावाच्या माणसाला नेहमी जमते असे नाही. लेन यांना ते जमले.

उतारवयात त्यांनी सुरीच बाजूला ठेवली. 1925 मध्ये त्यांनी न्यू हेल्थ सोसायटी काढली आणि कोंड्यासकट गव्हाची पोळी-पाव, फळे, भाज्या, ऊन, मोकळी हवा आणि व्यायाम यांचा प्रचार सुरू केला. डॉक्टरने वृत्तपत्रांतून लोकांपुढे येणे तेव्हाच्या नियमांत बसत नसे. म्हणून 1933 मध्ये त्यांनी स्वतःहून आपले नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून घेतले. 16 जानेवारी 1943 रोजी, दुसरे महायुद्ध चालू असताना, वयाच्या 86 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

माझ्या पायात पट्टी बाहेरच्या अंगाला आहे. मोड समोर दिसावी आणि तुकडा नेमका बसावा, म्हणून सर्जन सरांनी ती निवडली. सहा आठवडे मी पाय जमिनीला टेकवला नाही. आता फिजिओथेरपीच्या मॅडम सांगतात तेवढेच करतो आणि मैदानाच्या कडेने हळूहळू धावतो. एनडीएच्या मेडिकलला बोर्ड काय म्हणेल, या विचाराने रात्री कधी कधी झोप लागत नाही. बाबा फोनवर धीर देतात. आजोबा एवढेच विचारतात, की पाऊल सरळ पडते ना. सरळ पडते. हे मी त्यांना सांगू शकतो, ते लेन यांच्यापासून सुरू झालेल्या कामामुळे.

लेन यांच्या चुकीकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण ऑगस्टमधल्या त्या दोन दिवसांत मीही तेच केले. पायाकडे पाहून मत बनवायचे सोडून, स्पर्धेत धावायचेच असे आधी ठरवले आणि पाय त्यात बसवला. संघातली माझी जागा तर गेलीच, आणि सरकलेल्या हाडावर मी विनाकारण चाललो. ज्युनियर कॅडेट्सना म्हणून एक विनंती. मैदानावर पाय मुरगळला, हात दुखावला, तर त्याच दिवशी एमआय रूममध्ये जा आणि काय झाले ते खरे सांगा. फार तर आठवडाभर लाइट ड्यूटी मिळेल. हाऊसचे गुण पुढच्या वर्षी भरून काढता येतात.